भाऊचा धक्का : इतिहास आणि सुरक्षित वापर

भाऊचा धक्का हा मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर माझगाव भागात असलेला सार्वजनिक प्रवासी धक्का व मासळी बंदर आहे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात प्रवाशांच्या सोयीसाठी धक्का बांधला आणि त्यांचेच नाव त्याला कायमचे चिकटले. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले व गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटींमुळे कोकणी माणसाच्या कित्येक पिढ्यांचा मुंबईशी पहिला संबंध येथेच आला. आज येथून मोरा व रेवस येथे लाँच सुटतात, तर 2020 पासून मांडव्यासाठी वाहने नेणारी रो-रो सेवाही चालते.

येथील सुरक्षिततेचा सगळा हिशेब भरती-ओहोटीशी बांधलेला आहे. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरपेक्षाही अधिक फरक पडतो. त्यामुळे सकाळी धक्क्याच्या कडेला लागलेली लाँच दुपारी कित्येक पायऱ्या खाली गेलेली दिसते. पाणी उतरले की उघड्या पडणाऱ्या खालच्या पायऱ्यांवर हिरवे, बुळबुळीत शेवाळ असते आणि गुळगुळीत तळव्याची चप्पल त्यावर क्षणात सरकते. ओहोटीला गाळामुळे मोऱ्याची सेवा काही वेळ थांबवावीही लागते. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात, म्हणजे चतुर्थीला सुमारे तीन आणि अष्टमीला सुमारे सहा वाजता. हा आडाखा अंदाजापुरता उत्तम आहे. निघण्यापूर्वी मात्र भरतीचे छापील वेळापत्रक आणि लाँचची वेळ दोन्ही पाहावे.

खरा धोका लाँच आणि धक्का यांच्यामधल्या फटीत असतो. लाट आली की लाँच वर उचलली जाते, टायरांवर घासत पुन्हा खाली बसते, आणि तेवढ्यात हातभर फट उघडून मिटते. म्हणून दोर बांधून होईपर्यंत थांबावे, खलाशाने हात पुढे केल्यावर लाँच वर येत असतानाच एका दमात पाऊल टाकावे आणि सामान आधी त्याच्या हाती द्यावे. कडेवर मूल घेऊन उडी मारणे हे सर्वांत घातक ठरते. पहाटे मासळीचा लिलाव पाहायला जाणाऱ्याने ओली फरशी, बर्फाचे तुकडे आणि डोक्यावर पाटी घेऊन भरभर चालणाऱ्या माणसांना वाट देण्याचे भान ठेवावे. ती त्यांची कामाची जागा आहे.

17 जुलै 1947 रोजी, गटारी अमावास्येला, याच धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या लाँचला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून पुन्हा जीव गेले. त्यानंतर प्रवाशांना लाईफ जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले. लाँचमध्ये बसताच ते मागून घ्यावे, त्याचे पट्टे घट्ट बांधावेत आणि पलीकडच्या धक्क्यावर पाय टेकेपर्यंत ते उतरवू नये. पावसाळ्यात धोक्याचा बावटा लागलेला असेल किंवा लाँच खचाखच भरलेली दिसली, तर पुढच्या लाँचची वाट पाहावी.