ठग व डकॉइट

इंग्रजीत रूढ झालेले दोन गुन्हेगारवाचक भारतीय शब्द. ‘लुटारू’ असा दोहोंचा ढोबळ अर्थ देतात. कायद्याने मात्र त्यांत स्पष्ट भेद केला होता.

‘ठग’चे मूळ संस्कृत ‘स्थग’ (लबाड, मूळ धातू झाकणे या अर्थाचा) यात बहुतेक अभ्यासक मानतात. ‘डकॉइट’ हे हिंदी ‘डकैत’चे रूप. तो ज्या ‘डाका’ (दरोडा) शब्दावरून आला, त्याची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काही कोश ती संस्कृत ‘दष्टक’शी जोडतात, तर काही जण बंगाली ‘डाक’शी (आरोळी). दुसरे मत दरोड्याच्या उघड स्वरूपाशी जुळते खरे. पण केवळ अर्थसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे.

सुलतान जलालुद्दीन खल्जीच्या काळात (१२९०–९६) दिल्लीत पकडलेल्या सुमारे हजार ठगांना होड्यांतून बंगालमधील लखनौतीकडे धाडल्याचे इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो. हेच एकोणिसाव्या शतकातील ठगांचे पूर्वज होत, असे यावरून ठरत नाही; बरनीचा शब्द साध्या भामट्यांनाही लागू पडतो. वाटसरूंशी सलगी करून रुमालाने गळा आवळणाऱ्या टोळ्यांची सविस्तर माहिती ठगांविरुद्ध मोहीम चालवणारा ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमन याने नोंदवलेल्या जबान्यांतून येते. दक्षिणेत अशांना फासीगार म्हणत. ठगी ही निव्वळ वसाहतकालीन कल्पना होती, असेही मत आहे. टोळ्या खऱ्या, पण त्यांचा देशव्यापी धर्मपंथ अतिरंजित, हे इतिहासकार किम वॅगनर यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

१८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप देता येऊ लागली. १८६० च्या भारतीय दंड संहितेने हाच धागा उचलला. कलम ३१० नुसार खुनासह जबरी चोरी किंवा मुले पळवणे यांसाठी इतरांशी नित्य संबंध ठेवणारा तो ठग. म्हणजे व्याख्या माणसाची. कलम ३९१ मध्ये व्याख्या कृत्याची: पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी अथवा तिचा प्रयत्न म्हणजे दरोडा. जागेवर हजर राहून मदत करणारेही या पाचांत धरतात. चौघेच असतील तर गुन्हा जबरी चोरीचाच राहतो. दरोड्याची नुसती तयारीही शिक्षापात्र असल्याने ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ ही बातमी मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठगाचे कलम उरले नाही. ३१० हा क्रमांक आता दरोड्याकडे आला आहे.

इंग्रजीत ‘ठग’ पुढे कोणत्याही दांडगट गुंडाला लावला जाऊ लागला. मराठीत ‘ठग’, ‘ठक’, ‘ठकवणे’ यांत फसवणुकीचा मूळ अर्थच टिकला आहे.