अभिप्राय-पद्धती, ऑनलाइन लिलावातील

ऑनलाइन लिलावात व्यवहार पुरा झाल्यावर खरेदीदार व विक्रेता यांनी एकमेकांविषयी नोंदवलेल्या मतांवरून दोघांची पत ठरवण्याची आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवण्याची व्यवस्था. मालातली खोड विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारातून चांगला माल हळूहळू बाहेर पडतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडले. ती उणीव भरून काढणे हा या पद्धतीचा हेतू.

उगम : पिएर ओमिद्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये सुरू केलेल्या व पुढे ‘ईबे’ नावाने प्रसिद्ध झालेल्या संकेतस्थळावर फेब्रुवारी १९९६ च्या सुमारास ही सोय आली, असे सामान्यतः मानतात. त्याआधीही युजनेट या इंटरनेटवरील जुन्या चर्चामंचावरील खरेदी-विक्रीच्या गटांत भरवशाच्या आणि बुडव्या माणसांच्या याद्या फिरत असत. काही अर्थशास्त्रज्ञ मूळ फार मागे नेतात. अव्हनर ग्राइफ यांनी कैरो येथे सापडलेल्या पत्रव्यवहाराच्या आधारे अकराव्या शतकातील मगरिबी (उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम भागातील) ज्यू व्यापारी केवळ परस्परांच्या बातमीवर अडत्यांना धाकात ठेवत, असे प्रतिपादन केले. जेरेमी एडवर्ड्स व शीला ओगिल्वी यांनी २०१२ मध्ये त्याला हरकत घेतली. हे व्यापारी न्यायालयाचाही आधार घेत, असे त्यांचे म्हणणे. बेळगाव सीमाभागातील सौद्यांचा व्यवहार पाहता दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. तेथेही बोलबाल्याच्या पाठीशी परवाना आणि बाजार समिती असतेच.

निःपक्षपातीपणाचा प्रश्न : आरंभी प्रत्येक मताला अधिक एक, शून्य किंवा उणे एक असा गुण असे आणि दोन्ही पक्ष एकमेकांना तो देऊ शकत. यातून दोन विकृती निघाल्या. पहिली, सूडाची : खरेदीदाराने उणे गुण दिला की विक्रेता उलट उणे गुण देई, म्हणून पुष्कळ जण समोरच्याची वाट पाहत किंवा गप्प बसत. दुसरी या गप्प बसण्याचीच. क्रिसांथोस डेलारोकास व चार्ल्स वुड यांनी दुर्मिळ नाण्यांच्या लिलावांवरून २००८ मध्ये अनुमान काढले, की नोंदलेली मते सुमारे ९९ टक्के अनुकूल असली तरी प्रत्यक्षात समाधानी खरेदीदार ७९ टक्क्यांच्या आसपास असावेत. टक्केवारी काढण्याच्या रीतीनेही चित्र पालटते. समजा दीडशे सौद्यांत ९६ अनुकूल, ४ प्रतिकूल, २० तटस्थ मते आली आणि ३० जण बोललेच नाहीत. तटस्थ व गप्प दोन्ही वगळले तर विक्रेता ९६ टक्के. सगळे सौदे धरले तर ६४. दुकान एकच, माल एकच.

मे २००८ पासून ईबेने विक्रेत्यांचा प्रतिकूल अभिप्राय देण्याचा हक्क काढून घेतला. सूड थांबला, पण पैसे बुडवणाऱ्या किंवा वापरून माल परत करणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध विक्रेत्याला बोलायला जागा उरली नाही. गॅरी बोल्टन, बेन ग्राइनर व आक्सेल ओकेनफेल्स यांनी २०१३ मध्ये दोन वाटा तपासल्या : दोघांची मते झाकून ठेवून एकाच वेळी उघडणे, किंवा खरेदीदाराला वेगळे, एकतर्फी व निनावी गुण देऊ देणे. पहिली वाट अधिक न्याय्य वाटते.

सीमाभागातील संदर्भ : बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतून बटाटा व रताळी बेळगावच्या बाजारात येतात. सौद्यात पोते फोडून माल पसरतात, दर पुकारला जातो, तोलाई-हमाली वजा होऊन पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हाती पडते. नंतर ‘खालचा माल बारीक निघाला’ म्हणून खरेदीदाराने वांधा काढला, तर तो चारचौघांच्या देखत निघतो, आणि अडत्याचेही तोंड तेथेच दिसते. कर्नाटकाच्या १९६६ च्या कृषी पणन कायद्यान्वये बाजार समिती अशा तंट्यांत लक्ष घालू शकते. २०१४ पासून राज्यात एकीकृत ऑनलाइन बाजार मंच आहे; त्यात व्यापारी संगणकावर दर भरतो, दुसऱ्याचा दर त्याला दिसत नाही आणि जाहीर झालेला दर शेतकरी नाकारू शकतो. भिस्त येथे तारांकनापेक्षा परवान्यावर.

तरी उचल घेतलेला शेतकरी पुढच्या हंगामाच्या भीतीने व्यापाऱ्याविषयी उघड बोलत नाही. ईबेवरील सूडाच्या भीतीचेच हे गावठी रूप. निपाणीत तंबाखूच्या दरासाठी १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात एकेकट्याने न बोलता येणारी गोष्ट एकत्रितपणे बोलली गेली.

भारतात बाझी डॉट कॉम हे लिलावस्थळ ईबेने २००४ मध्ये घेतले. ईबेचे भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाची वाखाणणी करण्यास २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी मनाई आहे. ऑनलाइन परीक्षणांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले.

अथणी-निपाणीकडील चप्पल कारागिरांना मात्र यांतले फारसे लागू पडत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक निर्देशांकात बेळगाव जिल्हाही आहे; पण तारे मिळतात ते ज्याच्या नावे खाते आहे त्या विक्रेत्याला. शिवण उसवली तर तक्रार कारागिराच्या कामाची होते, आणि तिला उत्तर देण्याची जागा विक्रेत्याच्या खात्यात असते.