शेवट कळला म्हणून हेरकथा संपत नाही

शेवट कळला की हेरकथेत काही उरत नाही, असं आमच्या यवतमाळकडच्या गावात वर्षानुवर्षं ऐकतोय. पारावर कोणी शेवट सांगून टाकला, की पुस्तक न वाचताच वाचनालयात परत जातं. जीव हळहळतो, कारण ही समजूत चुकीची आहे.

इंग्रज लेखक फ्रेडरिक फोर्सिथ यांची ‘द डे ऑफ द जॅकल’ ही कादंबरी १९७१ साली आली. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांची सुपारी घेतलेला मारेकरी, काळ १९६३ चा. पण द गॉल तर नोव्हेंबर १९७० मध्ये आपल्या घरी वारले होते! म्हणजे मारेकरी फसणार, हे पहिलं पान उघडण्याआधीच माहीत. तरी पुस्तक हातातून सुटत नाही. मन गुंततं ते तयारीत: खोटा पासपोर्ट कसा मिळवला, रायफल कुबडीत कशी लपवली, पोलीस किती जवळ आले.

हरभऱ्यात जागलीला बसणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. रानडुकरं येणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी धुऱ्यावर पाचोळा वाजला की श्वास अडतो, हात आपसूक बॅटरीवर जातो. मी ती कादंबरी तिथेच, मचाणावर दुसऱ्यांदा वाचली. पहिल्यापेक्षा हळू वाचली.