मॅस्टोडॉन आणि हाईव्ह: दोन्ही ‘विकेंद्रित’, मग माटोळीचा फोटो दिसतो कुठे?

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी आम्ही गोव्यात फोंड्याच्या माटोळी बाजारात उभे (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांनी भरलेली लाकडी चौकट), माझ्या एका हातात सुपारीचं शिपटं, दुसऱ्या हातात आंबाड्यांची पिशवी, आणि भाचा नारळाची पेंड, म्हणजे घड, खाली ठेवून फोनमध्ये घुसलेला. मध्येच विचारतो, "मामा, तू मॅस्टोडॉनवर असतोस ना, म्हणजे ते ब्लॉकचेनच ना? त्यात पैसे पण मिळतात ना?" कांगलांवाली बाई भाव सांगत होती, तिथे काही उत्तर देणं जमलं नाही, म्हणून इथे नीट लिहितोय, कारण हा गोंधळ त्याच्या एकट्याचा नाही, कॉम्प्युटरमध्ये नोकरी करणारे लोक पण हेच विचारतात.

सगळा घोळ ‘विकेंद्रित’ या शब्दाचा. एक मालक नाही म्हणजे विकेंद्रित, विकेंद्रित म्हणजे ब्लॉकचेन, ब्लॉकचेन म्हणजे क्रिप्टो, असं गणित डोक्यात आपोआप बसतं. त्यात मॅस्टोडॉन आणि हाईव्ह ही दोन्ही पोस्ट टाकायची सोशल नेटवर्कं, पहिलं ब्लॉकचेन नसलेलं, दुसरं ब्लॉकचेनवालं, आणि दोन्हीकडची मंडळी एकाच वयाची, मॅस्टोडॉन पण २०१६ चं आणि ज्याच्यातून पुढे हाईव्ह फुटलं ते स्टीमिट पण २०१६ चंच.

मॅस्टोडॉन म्हणजे आपल्या गावातले वाडे समजा. प्रत्येक वाड्याचं आपलं देऊळ, आपली कमिटी, आपले नियम, पण या वाड्यातला माणूस त्या वाड्यात बिनधास्त जातो, बोलतो, जेवून पण येतो. इथे वाडा म्हणजे सर्व्हर. कोणीही स्वतःचा सर्व्हर उभा करतो, आणि हे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या ठरलेल्या भाषेत एकमेकांशी बोलतात, अगदी ईमेलसारखं, जीमेलवरून याहूला मेल जातो तसं. यात ब्लॉकचेन नाही, टोकन (म्हणजे क्रिप्टोचं नाणं) नाही, कमाई नाही. पोस्ट त्या सर्व्हरच्या साध्या डेटाबेसमध्ये पडलेली असते. ब्लूस्काय या ट्विटरसारख्या ॲपचं पण तेच, त्याची यंत्रणा वेगळी आहे, पण ब्लॉकचेन तिथे पण नाही. ट्विटरमध्ये असताना तो प्रोजेक्ट तिथला तेव्हाचा प्रमुख जॅक डॉर्सीने काढला आणि डॉर्सीला बिटकॉइनचं वेड, एवढ्यावरून लोक नातं जोडतात.

हाईव्ह म्हणजे कोमुनिदाद, गावची सामायिक जमीन सांभाळणारी आपली गोव्यातली जुनी संस्था. एकच वही (हीच ब्लॉकचेन), तिच्या नकला बऱ्याच जणांकडे, आणि दर ३ सेकंदाला त्यात नवीन पान लागतं. वहीत तुमच्या पोस्टचा मजकूर जातो, कोणी मत दिलं ते जातं, कोणाला किती मिळाले ते पण जातं. आणि कोमुनिदादीत भागधारक असतात तसे इथे टोकनवाले. ज्याने जास्त टोकन अडकवून ठेवलेत त्याच्या मताला जास्त वजन. इथेच खरी मेख आहे, ती पुढे सांगतो.

(एक गोष्ट सांगून टाकतो, वहीत मजकूर जातो, फोटो जात नाही. फोटो साध्या सर्व्हरवर असतो आणि वहीत फक्त त्याची लिंक. "माझा फोटो ब्लॉकचेनवर कायमचा आहे" म्हणणाऱ्यांना हे बहुतेक वेळा माहीत नसतं.)

आता लोकांना दिसण्याचा प्रश्न. दोन्हीकडे तो आहेच, पण कारणं अगदी उलटी आहेत.

मॅस्टोडॉनवर तुम्हाला पुढे ढकलणारं कोणी नाही. तुमची टाईमलाईन वेळेच्या क्रमाने चालते, फेसबुकसारखा मधला माणूस नाही की जो म्हणेल हे चांगलंय, आणखी दहा हजार लोकांना दाखवूया. जाहिरात विकत घ्यायची सोय नाही. मग उरतं काय, तर फॉलोअर, बूस्ट (कोणीतरी तुमची पोस्ट आपल्या फॉलोअरना पुढे पाठवणं) आणि हॅशटॅग. आणि हॅशटॅगमध्ये पण एक गंमत आहे जी नवीन माणसाला महिनाभर कळत नाही: तुम्ही छोट्या सर्व्हरवर असाल तर हॅशटॅग शोधल्यावर सगळ्या जगातल्या पोस्ट दिसत नाहीत, तुमच्या सर्व्हरला ज्या माहीत आहेत तेवढ्याच दिसतात, म्हणजे तिथल्या कोणीतरी त्या माणसाला फॉलो केलेलं असावं लागतं, नाहीतर ती पोस्ट दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने तिथे पोचलेली असावी लागते. मी सुरुवातीला पंधरा-वीस माणसांच्या एका सर्व्हरवर होतो, ‘माटोळी’ टाकून शोधलं तर माझीच पोस्ट आली, मला वाटलं जगात मीच एकटा. दुसऱ्या सर्व्हरवरून बघितलं तर आणखी तिघं होते. मजकुरात शोधायची सोय पण २०२३ मध्ये ४.२ आवृत्ती आल्यावर सुधारली, ती सुद्धा लिहिणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच.

त्यामुळे तिथे गर्दी येते ती दुसऱ्याच्या घरात भांडण झालं की. ऑक्टोबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं, त्यावरून नोव्हेंबरमध्ये भारतातले बरेच लोक मॅस्टोडॉनवर धावले, ऑक्टोबर २०२२ मध्ये मस्कने ट्विटर घेतलं तेव्हा परत लाट. लाट ओसरते, थोडे लोक राहतात. याला मार्केटिंग म्हणत नाहीत, ही शेजाऱ्याच्या नळाला पाणी नाही म्हणून आपल्या विहिरीवर आलेली माणसं.

ब्लॉकचेनवाल्यांकडे उलट आहे. त्यांच्याकडे गिऱ्हाईक ओढायला आकडा आहे, पैसा. लिहा आणि कमवा. आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

पहिलं म्हणजे ही जाहिरात करणंच कठीण. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये क्रिप्टोच्या जाहिराती बंद केल्या, गूगलने त्याच वर्षी जूनपासून, पुढे नियम सैल झाले पण अटी आल्याच. आपल्याकडे तर १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस, आणि जाहिरात करायची तर हे अनियंत्रित आणि फार जोखमीचं आहे असं ठळक लिहायचं. आता सांगा, "या आमच्याकडे कविता लिहा" च्या खाली हा इशारा चिकटवला तर कोण येणार?

दुसरं, येतात ते कोण? वाचायला कमी, कमवायला जास्त. ऑगस्ट २०२३ मध्ये फ्रेंड.टेक नावाचं ॲप आलं, त्यात माणसाच्या ‘चाव्या’ विकत घ्यायच्या आणि त्याच्याशी चॅट करायचं, चावीचा भाव चढतो-उतरतो. नुसती झुंबड. वर्षभरात ओसाड, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बनवणाऱ्यांनीच त्याचा ताबा सोडून दिला. पैशासाठी आलेला माणूस भाव पडला की जातो. जत्रेच्या फेरीतला खाजेवाला सुद्धा दुसऱ्या दिवशी देवळासमोर दुकान लावत नाही.

आणि तिसरं मताच्या वजनाचं, ते मी स्वतः भोगलंय. एका ब्लॉकचेनवाल्या साईटवर मी माटोळीवर लांबलचक मराठी लेख टाकला, कुठलं फळ कुठल्या रानातून येतं, लाकडी चौकटीला दोरी कशी बांधतात, सगळं. १९ मतं पडली. मी खूश. कमाई ७ सेंट. त्याच दिवशी कोणीतरी इंग्रजीत टोकनच्या भावाबद्दल चार ओळी खरडल्या, त्याला मतं माझ्यापेक्षा कमी पण कमाई कितीतरी पट, आणि यादीत तो वर. कारण त्याला मत देणारा एक जण मोठा भागधारक, माझे १९ सगळे माझ्यासारखे फाटके. तिथली मोठी मंडळी मराठी वाचत नाहीत हो, त्यांचा दोष नाही, पण मग मराठीत लिहिणारा वर येणार कसा? मॅस्टोडॉनवर १९ बूस्ट म्हणजे १९ माणसांच्या फॉलोअरपर्यंत पोचणं. इथे १९ मतं म्हणजे किती टोकन, हा प्रश्न आहे.

हाईव्हचा हिशोब असा की पोस्टवर ७ दिवस मतं चालतात, मग कमाई वाटली जाते, ढोबळ निम्मी लेखकाला आणि निम्मी मत देणाऱ्यांना. दोन सेंटपेक्षा कमी जमलं तर काहीच नाही. यामुळे जुना लेख कोणी वर काढत नाही, आठवा दिवस उजाडला की तो लेख त्यांच्या दृष्टीने शिळी भाकरी. माटोळीचा लेख पुढच्या चवथीला कोणाला तरी हवा असतो, पण तिथे त्याला ढकलायचं कारणच कोणाकडे नाही.

नावाची गंमत तर वेगळीच. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन नावाच्या क्रिप्टोवाल्या जस्टिन सनने स्टीमिट कंपनी विकत घेतली, तिच्याकडे टोकनचा मोठा साठा होता, समाज घाबरला, भांडण झालं आणि २० मार्च २०२० ला लोक वहीची नक्कल घेऊन वेगळे झाले, तिचं नाव ठेवलं हाईव्ह. चांगलं नाव आहे, पण हाईव्ह नावाचं एक डेटाचं सॉफ्टवेअर आधीपासून आहे, हाईव्ह नावाची खाणकाम करणारी क्रिप्टो कंपनी आहे, आणि २०२२ च्या ट्विटर गोंधळात हाईव्ह सोशल नावाचं अगदी वेगळंच ॲप गाजलं. लोक सर्च करून भलत्याच घरात शिरले. वर त्यात एकच पोस्ट हाईव्ह.ब्लॉगवर पण दिसते, पीकडीवर पण, इसेन्सीवर पण, म्हणजे तुम्ही मित्राला काय सांगणार, कुठल्या साईटवर ये? मालक नाही म्हणून एक ब्रँड नाही, एक ब्रँड नाही म्हणून पोस्टर कशाचं लावायचं ते कळत नाही. मार्केटिंगला पैसे हवे असतील तर सामायिक निधीसमोर प्रस्ताव मांडायचा आणि भागधारकांची मतं मागायची. कोमुनिदादीची सभा बघितलीय का कधी? तसंच.

सगळी ब्लॉकचेनवाली अशीच असतात असं पण नाही. फारकास्टर नावाच्या सोशल नेटवर्कमध्ये सुरुवातीला तुमची ओळख तेवढी चेनवर नोंदली जायची, गप्पा चेनच्या बाहेरच्या यंत्रांवर राहायच्या. म्हणजे ‘ब्लॉकचेनवर’ म्हटलं की आधी विचारायचं, नक्की काय वहीत लिहिलंय?

टिकण्यात मात्र वही जिंकते, थोडी जास्तच. आमच्या जत्रेच्या नाटकाची तारीख मी दोन्हीकडे चुकीची टाकली होती. मॅस्टोडॉनवर दुरुस्त केली, जुनं रूप इतिहासात दिसतं, पण उद्या पोस्टच उडवली की निदान माझ्या सर्व्हरवरून तरी गेली. चेनवर दुरुस्ती ही पण नवीन नोंद, जुनी चुकीची तारीख मागच्या पानावर तशीच आहे आणि राहणार. पण माझा तो पंधरा-वीस जणांचा सर्व्हर चालवणाऱ्याने कंटाळून बंद केला तेव्हा फॉलोअर नवीन सर्व्हरवर नेता आले, पोस्ट नाही आल्या. तीन चवथींचे लेख गेले. चेनवरचा तो ७ सेंटवाला लेख अजून आहे, शब्द न् शब्द.

म्हणून भाच्याला यंदा म्हटलं, मजकूर चेनवर टाकून ठेव, माणसं मॅस्टोडॉनवर शोध, आणि पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेव कारण चेनवाली मालक-चावी, म्हणजे खात्याचा मुख्य ताबा देणारी, हरवली तर ‘फर्गॉट पासवर्ड’ तिथे चालत नाही. त्याने ऐकलं, दोन्हीकडे टाकलं, आणि दोन्ही लिंका घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडल्या. पाच मिनिटांनी मावशीचा व्हॉईस मेसेज: "अरे हे कसलं नवीन फेसबुक, उघडत नाही मला, तू आपला फोटोच पाठव."