मुखत्यारपत्राचा गैरवापर (आईवडिलांची खाती)

वृद्ध आईवडिलांनी व्यवहार पाहण्यासाठी एका अपत्यास दिलेल्या मुखत्यारपत्राच्या आधारे त्याने खात्यांतील रक्कम स्वतःकडे वळविणे आणि इतर भावंडांचा वारसाहिस्सा घटविणे. कोल्हापूर जिल्ह्यात ऊसबिल, दूधबिल आणि पतसंस्थांतील ठेवी निरनिराळ्या खात्यांत असल्याने कुलमुखत्यारपत्र (सर्व व्यवहारांसाठीचे एकच मुखत्यारपत्र) बहुधा गावी राहणाऱ्या मुलाच्या नावे होते. सासरी गेलेल्या बहिणींना व्यवहार कळतो तो अनेकदा वारसनोंदीच्या वेळीच.

मुखत्यारपत्रासाठी 1882 चा अधिनियम असला, तरी मुखत्याराची कर्तव्ये भारतीय करार अधिनियम, 1872 मध्ये सापडतात. मागताच हिशेब देणे त्यास बंधनकारक आहे (कलम 213). अधिकार देणाऱ्याचा मृत्यू किंवा बुद्धिभ्रंश झाल्यास अधिकार संपतो (कलम 201). इंग्लंडप्रमाणे बुद्धी क्षीण झाल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र येथील कायद्यात नाही. मृत्यूचा दाखला असतो, स्मृतिभ्रंश मात्र कोणत्या दिवशी सुरू झाला हे सांगता येत नाही आणि बहुतेक वाद याच मधल्या काळातले असतात. कलम 208 नुसार अधिकार संपल्याचा परिणाम संबंधिताला ते कळल्यापासून होतो. म्हणून अनभिज्ञ बँक सुटू शकते. त्याच घरात राहणाऱ्या मुलाला अज्ञानाची सबब सांगणे कठीण जाते. ऊसबिल जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सर्व रक्कम उचललेली आणि वडील तेव्हा अतिदक्षता विभागात, अशी नोंद असल्यास खातेउतारा व रुग्णालयाचे कागद शेजारी ठेवणे हाच सर्वांत बळकट पुरावा ठरतो.

‘वडिलांनी खुशीने दिले’ हा नेहमीचा बचाव. विश्वासाच्या नात्यातील व्यवहार सचोटीचा होता हे सिद्ध करण्याचा भार विश्वास मिळालेल्यावर असतो, हे तत्त्व येथे अधिक न्याय्य वाटते, कारण सर्व कागद त्याच्याच हाती असतात.

हिंदू वारसा अधिनियम, 1956 (जैन व लिंगायतांनाही लागू) अन्वये मृत्युपत्र नसल्यास पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा, माता, मुलगे व मुली यांचे हिस्से समान असतात. आधी मृत झालेल्या अपत्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. खात्यावरील नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही.

आईवडील हयात व सावध असताना मुखत्यारपत्र रद्द करून बँकेस लेखी कळविणे हा सोपा मार्ग आहे. मृत्यूनंतर वारसांना हिशेबाचा दिवाणी दावा करता येतो. फौजदारी विश्वासघाताची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली होते. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाल्याने अपिलासाठी मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. हिशेबाच्या दाव्याची मुदत साधारणतः 3 वर्षे असून, अधिकार चालू असताना मागणी करून नकार मिळाला नसल्यास ती अधिकार संपल्यापासून मोजली जाते.