घरं चार भाषांची, भोंगा एकच

सोलापुरात चहाच्या टपरीवर दोन मित्र भेटले की पहिला शब्द निघतो, ‘काय बे, कुठं होतास?’ त्यातला एक घरी आईशी तेलुगू बोलतो, दुसरा कन्नड. तिसरा येऊन बसला तर तो दखनी उर्दूत वाढलेला असेल. टपरीवरची मराठी मात्र तिघांची एकच, ‘बे’सकट.

ही सरमिसळ पोटापाण्यातून झाली. सोलापूर कर्नाटकाच्या सीमेला आणि निजामाच्या मुलखाला लागून. १८६०च्या सुमारास रेल्वे आली, १८७७ साली पहिली कापड गिरणी सुरू झाली. तिला लोक आजही ‘जुनी मिल’च म्हणतात. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आसपासच्या दुष्काळी गावांतून मराठी-कन्नड शेतकरी आले. पहाटेच्या भोंग्याला सगळे एकाच फाटकातून आत जायचे. पुढं पूर्व भागात घरोघरी माग लागले. मागावर पुरुष, उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाया. इथली जेकार्ड चादर उलटून बघा: नक्षी दोन्ही बाजूंना तीच असते, फक्त रंगांची अदलाबदल.

मे १९३० हा या शहराच्या आठवणीतला सर्वांत खोल घाव. गांधीजींच्या अटकेची बातमी आली, गिरण्या ओस पडल्या, लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला. १२ मेपासून मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत. दोन पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून चौघांना फाशी दिली: मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. ही नावं मी मुद्दाम सलग लिहिली, कारण सोलापूरकर ती सलगच घेतो, ‘चार हुतात्मे’ म्हणून. तारीख १२ जानेवारी १९३१, ठिकाण येरवडा.

त्याच सुमारास, संक्रांतीला, सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा भरते. बाराव्या शतकातल्या या शिवयोग्यानं वचनं लिहिली कन्नडात, आणि त्यांच्या नावाचा गजर होतो मराठीत: ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!’ एका कुंभारकन्येला त्यांच्याशी लग्न करायचं होतं. योग्यानं तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, अशी कथा. त्या लग्नाची खूण म्हणून सात नंदीध्वज मिरवतात. लोक त्यांना काठ्या म्हणतात. प्रत्येक काठीचा मान वेगळ्या घराण्याचा वा समाजाचा. शेवटच्या दोन मातंग समाजाच्या. पांढरी बाराबंदी घातलेला माणूस ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलतो, तेव्हा भोवतीचे श्वास रोखून उभे असतात.

गिरण्या आता बंद आहेत, भोंगाही वाजत नाही. पद्मशाल्यांच्या मार्कंडेयाचा रथ मात्र नारळी पौर्णिमेला निघतोच.

आणि भोगीच्या दुपारी, योगदंडाच्या त्या लग्नासाठी, संमती कट्ट्याभोवती मुंगीलाही जागा नसते. गच्च्यांवर, झाडांवर माणसं, प्रत्येकाच्या मुठीत तांदूळ. कन्नड संमतीवचनं वाचली जातात. ‘सत्यम् सत्यम्’ कानावर पडलं की सगळ्या मुठी एकदम उघडतात.