४५० की २२५? पंपाच्या सुराचा हिशेब

एक्स्कॅव्हेटरने हात उचलला की इंजिनाच्या घरघरीवर एक बारीक, एकसुरी किणकिण चढते. ती हायड्रॉलिक पंपाची. याच आवाजाने एका देखण्या हिशेबाची खोड काढली.

पंपाच्या पोटात एक गोल ठोकळा फिरतो. त्यात बहुधा ९ पिस्टन असतात, प्रत्येक आपापल्या नळीत, म्हणजे सिलेंडरमध्ये. तिरप्या चकतीमुळे ते मागेपुढे होत पाळीपाळीने तेल ओढतात आणि ढकलतात. तेल दबतच नाही असं धरलं, तर सगळी निव्वळ भूमिती. त्यातून गंमत निघते ती अशी: १० पिस्टन ठेवले तर प्रवाह सुमारे ५ टक्के वरखाली होतो, ९ ठेवले तर दीडच टक्का! विषम संख्येत एका फेऱ्यात १८ छोटे चढउतार येतात. मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५. तेव्हा सूर ४५० हर्ट्झचा हवा.

प्रत्यक्ष मोजला तर २२५ हर्ट्झ ठळक दिसतो. म्हणजे फेऱ्यात ९ हिसके, पिस्टनमागे एक.

घोळ गृहीतकात आहे. २०० बार (वातावरणाच्या सुमारे दोनशेपट) दाबाखाली तेल एक ते दीड टक्का आक्रसतं. ओढून आणलेलं कमी दाबाचं तेल घेऊन सिलेंडर तेल बाहेर जाण्याच्या भोकापाशी, म्हणजे खिडकीपाशी पोचतो, खिडकी किलकिली होते आणि बाहेरचं तेलच उलटं आत घुसतं. तेवढ्यापुरता प्रवाह खचतो.

म्हणून पंपाच्या खऱ्या गणिती प्रतिमानात (मॉडेलमध्ये) प्रत्येक सिलेंडरला स्वतःचं समीकरण मिळतं. आत आलेलं तेल वजा बाहेर गेलेलं, त्यात पिस्टनने बळकावलेली जागा मिळवा, आकारमानाने भागा, तेलाच्या ताठरपणाने, म्हणजे दबायला ते किती विरोध करतं त्याने, गुणा. दाब किती झपाट्याने बदलतोय ते कळतं. खिडकीतून जाणारं तेल दाबातल्या फरकाच्या वर्गमुळानुसार ठरतं. कागदावर सोपं, पण संगणकाला घाम फोडणारं: एक अंश फिरायला सेकंदाचा नऊ हजारावा भाग लागतो आणि दाब तेवढ्यातही उसळतो. हिशेबाची पावलं मायक्रोसेकंदांची (सेकंदाच्या दशलक्षांशांची) टाकावी लागतात.

माझ्या मते यातला सगळ्यात बेभरवशाचा आकडा ताठरपणाचाच. वातावरणाच्या दाबाला तेलात १ टक्का हवेचे बुडबुडे असले, तरी ते जवळपास शंभरपट मऊ होतं.

उपाय मात्र चिमुकला. खिडकीच्या तोंडाशी निमुळती खाच कोरतात, म्हणजे सिलेंडर हळूहळू भरतो. ती किती लांब, किती खोल, हे प्रतिमान चालवून ठरवतात. आणि एका दाबाला, एका वेगाला चपखल बसलेली खाच दुसऱ्या वेगाला पुन्हा कुरकुरते.